म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता येईल अशी वेबसाइट: मावशीशेजारी बसून शिकलेलं

माझी मावशी चाळीस वर्षं मुद्रितशोधक होती. चुकलेला अनुस्वार तिला ओळीच्या या टोकावरून त्या टोकाला दिसायचा. आज ती ७८ वर्षांची आहे. उजव्या डोळ्यात मॅक्युलाची, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाची, झीज झाली आहे, त्यामुळे ती जिथे बघेल नेमका तिथेच धूसर डाग असतो. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. वाचायची भूक मात्र होती तेवढीच आहे.

मी वेबसाइट बनवतो. मी बनवलेल्याच एका वाचनालयाच्या साइटवर तिला पुस्तकाची मुदत वाढवून घ्यायची होती. ती म्हणाली, "तू फक्त शेजारी बस. सांगू नकोस, माउस घेऊ नकोस." मी बसलो. पंचवीस मिनिटं गेली आणि मुदत वाढली नाही.

त्या पंचवीस मिनिटांत मी पाहिलं ते असं. सभासद क्रमांकाच्या चौकटीत फिकट राखाडी अक्षरांत सूचना होती. ती म्हणाली, "अरे, इथे काहीतरी छापलंय, पण शाई उमटलेली नाही." क्रमांक चुकला तेव्हा चौकटीची कड लाल झाली, पण मोतीबिंदूतून तिला तो लाल दिसला नाही. चूक सांगणारा संदेश वर उजव्या कोपऱ्यात आला आणि तीन सेकंदांत गेला. ती तेव्हा खाली डावीकडे बघत होती. शेवटी बटण. तिने ब्राउझरमधली अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवली आहेत. माझ्या बटणाची उंची मात्र मी ४० पिक्सेलवर बांधून ठेवली होती. "मुदत वाढवा" दोन ओळींत मोडलं, दुसरी ओळ बटणाखाली गडप झाली आणि पहिल्या ओळीचा उकार कापला गेला. तिने वाचलं, "मदत". "मला मदत नकोय, मुदत हवीय," म्हणाली आणि ते बटण सोडून बाकीचं सगळं पान धुंडाळत राहिली. तेवढ्यात लॉगिनची वेळ संपली.

ते पान मी सगळ्या तपासण्या करून दिलं होतं, अशी माझी समजूत होती. मी तपासलं होतं ते माझ्या डोळ्यांनी, माझ्या मोठ्या पडद्यावर.

त्यानंतर मी काम करायची पद्धत बदलली. ती इथे लिहितो आहे. त्यामागचा एक विचार आधी सांगतो. काहीही सजावट न केलेलं साधं एचटीएमएल पान उघडून बघा. पांढऱ्यावर काळी अक्षरं. दुवे निळे आणि अधोरेखित. त्या निळ्याची पांढऱ्याशी तफावत (दोन रंगांच्या उजळपणाचं प्रमाण) ९:१ च्या वर असते. अक्षरं मोठी केली की ओळी आपोआप मोडतात. टॅब दाबत गेलं की आपण कुठे आहोत ते चौकटीने दिसतं. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला लागतं त्यातलं बरंचसं ब्राउझर फुकट देतो. आपण ती रेघ काढून टाकतो, चौकट पुसतो, रंग फिका करतो, उंची बांधतो. त्यामुळे सुगम्यता (कमी दिसणाऱ्यांनाही पान वापरता येणं) म्हणजे नंतर चिकटवायची वेगळी सोय, असं मी आता मानत नाही. माझं निम्मं काम मीच केलेलं काढून टाकण्याचं असतं.

आधी शेजारी बसा

कोणतीही यादी हातात घेण्याआधी हे करा. ज्यांना कमी दिसतं अशा एका ज्येष्ठ व्यक्तीला विचारा, त्यांना खरंच करायचं असलेलं एक काम निवडा आणि त्यांच्याच यंत्रावर, त्यांच्याच सेटिंग्जवर ते करू द्या. आपल्या लॅपटॉपवर बसवलंत तर निम्म्या अडचणी दिसणारच नाहीत. माउसला हात लावायचा नाही. "तिकडे वर बघ" म्हणायचं नाही. कागदावर तीन गोष्टी टिपा: कुठे थांबल्या, काय चुकीचं वाचलं, मान कुठे पुढे नेली. मान पुढे गेली की तिथे अक्षर लहान आहे किंवा फिकं आहे. सहसा तिसरं कारण नसतं.

आणि त्या "मलाच जमत नाही" म्हणाल्या, तर लगेच सांगा की दोष पानात आहे. हे मनापासून सांगावं लागतं. ज्येष्ठ माणसं न दिसण्याचा दोष स्वतःकडे घेतात, आणि एकदा घेतला की पुन्हा त्या साइटकडे फिरकत नाहीत.

डोळ्यात काय होतं

"नजर कमी झाली" या तीन शब्दांत बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी येतात. वयाबरोबर बाहुली लहान होत जाते आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. हे कोणताही आजार नसताना. मोतीबिंदूत त्यावर दुधाळ पडदा येतो: रंग विटतात, निळा-जांभळा एकमेकांत मिसळतात, पांढऱ्या पानाची तिरीप डोळ्यावर येते. मॅक्युलाच्या आजारात मधलं जातं आणि कडेचं उरतं. काचबिंदूत उलट, कडा जातात आणि नळीतून बघावं तसं उरतं. मधुमेहाने पडदा खराब झाला असेल तर ठिकठिकाणी डाग.

म्हणून एकच "ज्येष्ठांसाठीचं डिझाइन" बनवता येत नाही. काळी पार्श्वभूमी मावशीला बरी वाटते, कारण तिरीप कमी होते. तिच्या मैत्रिणीला दृष्टिवैषम्य आहे, तिला काळ्यावरची पांढरी अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. दोन्ही पर्याय ठेवा आणि यंत्राच्या सेटिंगमध्ये माणसाने आधीच काय निवडलंय ते तुमच्या सीएसएसला (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडाला) मानायला लावा. त्याची सोय आहे.

शाई उमटली पाहिजे

वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची डब्ल्यूसीएजी ही सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. २.० ही आवृत्ती २००८ साली आली, २.१ २०१८ मध्ये आणि २.२ २०२३ मध्ये. त्यात नेहमीच्या आकाराच्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ तफावत मागितली आहे. हा ४.५ कुठून आला हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. तो साधारण ८० वर्षांच्या माणसाच्या दृष्टीचा, म्हणजे २०/४० दृष्टीचा, हिशेब धरून काढलेला आकडा आहे. म्हणजे हा आकडा मावशीच्या वयाच्या नजरेशी जुळणारा आहे. याहून कमी दिसणाऱ्यांसाठी वरची पायरी ७:१ ची.

आता माझी चौकट. तिच्यातल्या सूचनेच्या राखाडीचा कोडातला रंगक्रमांक ९९९९९९ होता. पांढऱ्यावर त्याची तफावत भरते २.८५:१. शाई उमटली नव्हती हे अक्षरशः खरं होतं. पांढऱ्यावर चालणारा सगळ्यात फिका राखाडी ७६७६७६, तिथे ४.५४ मिळतात, ७७७७७७ घेतलात की नापास. मी आता ५९५९५९ किंवा त्याहून गडदच वापरतो, तिथे ७:१ होतात. शुद्ध लालही फसवा आहे: पांढऱ्यावर तो जेमतेम ४:१ भरतो, म्हणून चूक सांगणारा संदेश लिहायला अधिक गडद लाल घ्या. चौकटीच्या कडा आणि चिन्हांनाही ३:१ लागतात. फिकट राखाडी कडेची चौकट म्हाताऱ्या डोळ्यांना चौकटच वाटत नाही.

मोजायला काही विकत घ्यावं लागत नाही. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये अक्षराच्या रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की हे प्रमाण समोर येतं. तिथेच धूसर दृष्टीचा आभास निर्माण करायचीही सोय आहे. एकदा त्यातून आपलं पान बघा.

रंगावर एकट्यावर कधीही विसंबू नका. दुव्यांची अधोरेखा परत आणा. चुकीला लाल कड द्या, पण तिच्यासोबत शब्दही द्या. आणि फोटोवर अक्षरं टाकू नका. टाकायचीच असतील तर खाली भरीव पट्टी द्या.

मोठं करायला अडवू नका

सगळ्यात राग येणारी गोष्ट ही. मोबाइलच्या पानाच्या कोडात व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान पडद्यावर कसं बसवायचं ते सांगणारी, एक ओळ असते. तिच्यात "युजर-स्केलेबल नो" किंवा "मॅक्सिमम-स्केल १" लिहिलं की दोन बोटांनी मोठं करणं बंद होतं. आयफोनवरची सफारी आयओएस १० पासून हे मनाईचं वाक्य जुमानत नाही. बाकी ठिकाणी ते आजही माणसाच्या हातून भिंग काढून घेतं. आत्ताच तुमच्या साइटच्या कोडात शोधा आणि काढा. दोन मिनिटांचं काम आहे आणि या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

मग अक्षरांचं माप. पिक्सेलमध्ये बांधलंत तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये "खूप मोठी" निवडलेली अक्षरं तुमच्या पानावर वाढतच नाहीत. रेममध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये निवडलेल्या मापाच्या पटीत, द्या. पण फक्त अक्षरं रेममध्ये आणि डबे पिक्सेलमध्ये ठेवलेत तर माझ्यासारखा उकार कापाल. बटणाला ठरावीक उंची देऊ नका, किमान उंची द्या आणि वर-खाली मोकळी जागा सोडा.

नियम असा: मजकूर २०० टक्के मोठा केला तरी काही कापलं जाता कामा नये, आणि १२८० पिक्सेल रुंद खिडकीत ४०० टक्के झूम केल्यावर पान ३२० पिक्सेल रुंदीत एकाखाली एक बसलं पाहिजे, ओळ वाचायला डावी-उजवीकडे सरकवायला लागू नये. कंट्रोल आणि अधिक दाबत ४०० पर्यंत जा आणि स्वतः बघा. तिथे एक नवीन प्रकार दिसेल. ६०० पिक्सेल उंचीची खिडकी ४०० टक्क्यांना १५० ची होते. तुमचा वर चिकटून राहणारा मथळा ८० पिक्सेलचा असेल, तर निम्म्याहून जास्त पडदा त्यानेच खाल्ला. त्यात खाली कुकीजची पट्टी आणि कोपऱ्यात गप्पांचा बुडबुडा. मजकुराला एक ओळ उरते. झूम वाढला की या चिकट गोष्टी सुटून पानाबरोबर वर जाऊ द्या.

बटणाचं क्षेत्र किमान २४ × २४ पिक्सेल असावं असं डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये म्हटलंय. थरथरत्या हातासाठी ते मला अपुरं वाटतं. मी ४४ × ४४ धरतो.

देवनागरीचं वेगळं आहे

इंग्रजी लिपी समोर ठेवून लिहिलेले सल्ले आपण जसेच्या तसे उचलतो, तिथे मराठी वाचक मार खातो. रोमन अक्षराला वर-खाली फारसं काही लागत नाही. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. तेवढ्याच मापात मधलं अक्षर लहान होतं आणि अर्थ ठरवणारा ठिपका अगदीच बारीक. "खत" आणि "खंत" यांच्यात फरक आहे तो त्या ठिपक्याचा. मावशी म्हणते, "आमच्या छापखान्यात ठिपका सुटला तर माझी चूक. इथे ठिपका आहे आणि तरी मला दिसत नाही, ती कोणाची?"

म्हणून मराठी मजकूर १६ पिक्सेलवर सोडू नका. मी १८ ते २० इतका, अर्थातच रेममध्ये, ठेवतो. ओळींमधलं अंतर १.६ किंवा १.७. बारीक वजनाचे फॉन्ट मुख्य मजकुराला अजिबात नकोत. फॉन्टमध्ये खरं ठळक वजन आहे का ते बघा. नसेल तर ब्राउझर अक्षर ओढूनताणून जाड करतो आणि "ष", "क्ष", "ध"च्या पोटातल्या मोकळ्या जागा बुजतात. तिरकी अक्षरं टाळा, देवनागरीत ती बहुतेक वेळा नुसती कलती केलेली असतात.

अक्षरांमधलं अंतर वाढवा हा सल्ला तर मराठीत उलटा पडतो. लेटर-स्पेसिंग वाढवलं की शिरोरेखा तुटते आणि एका शब्दाचे सुटे तुकडे होतात. जागा द्यायची तर शब्दांमध्ये आणि ओळींमध्ये द्या.

पानाची भाषा कोडात मराठी म्हणून नोंदवा. नाहीतर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर भलत्याच भाषेच्या आवाजात वाचायला जातं. मजकुराचं चित्र करून टाकू नका: ते मोठं केलं की फुटतं आणि वाचूनही दाखवता येत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या पीडीएफचीही तीच गत. दिसायला मराठी, पण आत रोमन अक्षरांची खिचडी, ती कानाने ऐकून काहीच कळत नाही.

अंकांचंही बघा. धूसर नजरेला १ आणि ९ सहज फसवतात. सभासद क्रमांक, खाते क्रमांक मोठ्या अक्षरांत, तीन-तीन किंवा चार-चारच्या गटांत दाखवा. आणि भरताना माणसाने मध्ये मोकळी जागा सोडली तर चूक दाखवू नका. ती जागा कोडाने काढून टाकावी.

अर्ज आणि घड्याळ

चौकटीत काय भरायचं ते चौकटीच्या वर, कायम दिसेल असं लिहा. आतली सूचना पहिलं अक्षर टाइप केल्याबरोबर नाहीशी होते, आणि भिंग लावून वाचणारा माणूस परत बघायला जातो तेव्हा तिथे काही नसतं.

चूक झाली तर संदेश त्या चौकटीला लागूनच द्या, कोपऱ्यात नको. पडदा मोठा करून बघणाऱ्याला एका वेळी पानाचा एक तुकडाच दिसतो. हे स्वतः अनुभवायचं असेल तर एक कागद गुंडाळून नळी करा, एक डोळा मिटा आणि नळीतून आपला अर्ज भरा. बटण दाबल्यावर पुढे काय झालं हे नळी न हलवता कळतंय का? मला कळलं नाही. मी संदेश चौकटीखाली आणला, "चूक आहे" ऐवजी "सभासद क्रमांक ८ अंकी हवा, तुम्ही ७ अंक लिहिले आहेत" असं लिहिलं, आणि तो माणूस दुरुस्त करेपर्यंत तिथेच ठेवला.

घड्याळ लावलं असेल तर संपण्याआधी विचारा आणि एका साध्या कळीने वेळ वाढवता येऊ द्या. तत्त्वांमध्ये उत्तर द्यायला किमान २० सेकंद सांगितले आहेत. मावशीला तो संदेश सापडायलाच तेवढे लागतात, मी दोन मिनिटं देतो. वेळ संपलीच तर भरलेलं पुसू नका. ओटीपी आणि पासवर्ड चिकटवता आले पाहिजेत, पासवर्ड उघडा करून बघता आला पाहिजे. वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावणारी कोडी काढून टाका.

घरच्यांनी करायचं ते

सगळ्या साइट सुधारेपर्यंत थांबता येत नाही. विंडोजच्या सुगम्यतेच्या सेटिंगमध्ये अक्षरं २२५ टक्क्यांपर्यंत वाढवता येतात, माउसचा बाणही मोठा करता येतो. विंडोज कळ आणि अधिक दाबलं की भिंग उघडतं, विंडोज आणि एस्केपने बंद होतं. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये, सुगम्यतेखाली, साइटने झूम बंद केला असला तरी तो सक्तीने चालू करायचा पर्याय आहे. तो पहिल्यांदा लावून द्या. लांब मजकुरासाठी फायरफॉक्स आणि सफारीतलं वाचक दृश्य दाखवा, त्यात जाहिराती आणि पट्ट्या गळून पडतात. वाचून दाखवणारं एनव्हीडीए विंडोजवर मोफत आहे आणि मराठी वाचतं. एका वेळी एकच बदल करा, आणि तो परत कसा घालवायचा ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्या. मावशीच्या पडद्याच्या कडेला तसा एक कागद चिकटवलेला आहे.

वाचनालयाची साइट दुरुस्त करायला मला अकरा दिवस लागले. त्यातले निम्मे रंगांवर वाद घालण्यात गेले. मग पुन्हा मावशीच्या शेजारी बसलो, पुन्हा गप्प. तिने क्रमांक भरला, एक अंक चुकला, खालचा संदेश वाचला, दुरुस्त केला. "मुदत वाढवा," तिने मोठ्याने वाचलं आणि दाबलं. चार मिनिटं लागली.

मग ती उठली नाही. पान खाली सरकवत तळापर्यंत गेली, मान मागे टेकलेलीच होती. "इथे 'सुचना' लिहिलंयस," ती म्हणाली. "सू दीर्घ हवा."